बांधीतलं मीठ

भूमिकाला त्या घरात आणलं ते तिच्या मावशीनं. प्रेमिलामावशी लीलाधरला दिलेली, आणि लीलाधरचा थोरला भाऊ जागेश्वर. दोघांची शेती गोंदियाच्या कामठा रोडला लागून, एकाच बापाची. जागेश्वरनं वेळेवर राइस मिल टाकली आणि तो जागेश्वरसेठ झाला. लीलाधर धानातच राहिला. जागेश्वरचा हिमांशू लग्नाचा झाला तेव्हा मावशीनं जवळच्याच गोरेगावला बहिणीच्या घरी येऊन, चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, "मोठं घर आहे, पोरगा शांत आहे, अन् पोरगी माह्या डोळ्यासमोर राहीन."

भूमिका तेव्हा गोरेगावच्या एका कॉलेजात तासिकेवर केमिस्ट्री शिकवत होती. नागपूरला राहून एम.एस्सी. झालेली. नोकरीचं काय, असं तिच्या वडिलांनी बैठकीत भीतभीतच विचारलं. जागेश्वर मोठ्यानं हसला. "करू दे ना! आम्ही काय पुराने जमाने के लोग आहोत का?"

लग्नानंतर ती काही महिने गोरेगावला गेलीही. मग जागेश्वरनं रोडला लागून असलेल्या शेतात रिसॉर्ट बांधायला घेतलं. लॉन, हॉल, खोल्या आणि मधोमध पोहण्याचा तलाव. तलाव साधा नव्हता, खाऱ्या पाण्याचा होता. नागपूरच्या एका हॉटेलात जागेश्वरनं तो पाहिला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच होतं. "गोंदियात समुद्र आणतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. तलाव भरला त्या आठवड्यात त्यानं सुनेला बोलावून घेतलं.

"बेटा, दुसऱ्याच्या कॉलेजात कशाला पाय घासायचे? आता घरचीच लॅब झाली तुझी."

हिमांशू शेजारी उभा होता. तो म्हणाला, "बाबूजी बरोबर बोलून राहिले." भूमिकानं त्याच्याकडं पाहिलं, पण तो मोबाइल पाहत होता.

अशी तिची नोकरी सुटली. पण तलावाचं काम तिला आवडायला लागलं, हेही खरं. सकाळी पाहुणे उठायच्या आधी ती तलावावर जायची. कोपरभर हात बुडवून खालचं पाणी घ्यायची, कारण वरच्या पाण्याचा भरवसा नसतो. काचेच्या लहान नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात एका बाटलीतला एक थेंब. पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. मग दुसऱ्या बाटलीतलं चांदीचं द्रावण एकेक थेंब, नळी हलवत हलवत. पाण्यात मीठ असेतो पिवळं पिवळंच राहायचं. मिठाचा शेवट झाला की पुढच्या थेंबाला सगळं विटकरी. सोळा-सतरा थेंब लागले तर पाणी बरोबर. कमी लागले तर मीठ घालायचं, जास्त लागले तर पाणी काढून गोडं पाणी घालायचं. पंपघरातल्या यंत्रात पत्र्यांची जोडी होती. वीज सोडली की त्या पत्र्यांवर मिठापासून क्लोरीन तयार व्हायचा आणि पाणी स्वच्छ राहायचं. डोळे झोंबत नव्हते, केस राठ होत नव्हते. लोक खूश होते. जागेश्वर पाहुण्यांना तलावापाशी आणायचा, भूमिकाला हाक मारायचा आणि म्हणायचा, "आमची सून. केमिस्ट्रीत एम.एस्सी. पाण्याचा एक थेंब तिच्या नजरेतून सुटत नाही."

डिसेंबरात थंडी पडली. सकाळी लॉनवर दव गोठल्यासारखं पांढरं दिसायचं. एक दिवस पंपघरातल्या यंत्रावर लाल दिवा लागला: मीठ कमी.

भूमिकानं पाणी तपासलं. सतरा थेंब. तिनं सासऱ्याला सांगितलं, "बाबूजी, मीठ कमी नाही. पाणी थंड झालं की यंत्र चुकीचं वाचते. शिवाय आपल्या बोअरचं पाणी जड आहे, पत्र्यांवर चुना धरला असेल. यंत्र बंद करून पत्रे पातळ ॲसिडनं धुवावे लागतील."

"दिवा लाल आहे ना?"

"दिवा आहे. पण..."

"मशीन जर्मनीची आहे, बेटा." एवढं बोलून जागेश्वरनं दोन माणसांना हाक मारली आणि मिठाची पोती तलावात रिकामी करायला लावली.

दिवा लालच राहिला. दोन दिवसांनी आणखी पोती पडली. भूमिका रोज सांगत होती, वीस थेंब, चोवीस, अठ्ठावीस. जागेश्वर मान हलवायचा आणि पंपघरात जाऊन दिवा पाहायचा. तिनं हिमांशूला गाठलं.

"तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"घालू दे ना. मीठच आहे, जहर थोडी आहे."

"मग मी रोज कशाची तपासणी करून राहिली?"

हिमांशूनं गाडीची किल्ली उचलली. तो वाईट माणूस नव्हता. बापाच्या समोर तो फक्त जागेवर नसायचा.

नाताळाच्या सुट्ट्यांत बालाघाटहून आलेल्या एका कुटुंबानं तक्रार केली की पाणी तोंडात गेलं तर उलटी येते. तलावाच्या स्टीलच्या शिडीवर तांबूस डाग पडले. एकतीस तारखेला मोठी पार्टी ठेवली होती. गोंदियातले व्यापारी, डॉक्टर, सगळे येणार होते. जागेश्वर घाबरला आणि त्यानं नागपूरहून कंपनीचा माणूस बोलावला. त्या माणसानं यंत्र उघडलं, पत्रे बाहेर काढले. पत्र्यांवर चुन्याचा पांढरा थर बसला होता. त्यानं ते ॲसिडनं धुतले, पुन्हा बसवले. दिवा आता पिवळा झाला: मीठ जास्त.

"साहेब, मीठ जवळजवळ दुप्पट आहे," तो म्हणाला. "अर्धा तलाव खाली करा, गोडं पाणी भरा. कोणी टाकलं एवढं मीठ?"

जागेश्वरनं सुनेकडं पाहिलं. "ध्यान द्यायला पाहिजे होतं, बेटा," तो त्या माणसासमोर म्हणाला.

भूमिकाला ते झोंबलं. पण तिला त्याहून मोठी काळजी होती. रिसॉर्टच्या मागून नाला जात होता, आणि त्याच नाल्याच्या पाण्यावर खाली लीलाधरनं उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले होते. वीतभर वाढलेली ती रोपं महिन्याभरात बांधीत, पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्यात, रोवायची होती.

"बाबूजी, हे पाणी नाल्यात नका सोडू. खाली काकांचे पऱ्हे आहेत. एवढ्या मिठानं जळून जातील. टँकरनं काढू, थोडं थोडं करून मुरमाच्या रस्त्यावर मारू."

"एकतीसला चार दिवस राहिले. टँकरनं कधी होईल?"

"मग पार्टीला तलाव बंद ठेवू."

"पाहू," जागेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावावर गेली तेव्हा पाणी अर्ध्यावर होतं. बोअरचा पाइप तलावात धो धो वाहत होता. ती मागच्या भिंतीकडं गेली. नाला काठोकाठ ओला होता, आणि काठच्या गवतावर पाणी वाळून पांढुरकी रेघ उठायला लागली होती.

एकतीसची पार्टी छान झाली.

चार-पाच दिवसांनी मावशीचा फोन आला. "इकडं ये. पाह्य जरा."

भूमिका मागच्या वाटेनं गेली. लीलाधर बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, उकिडवा बसला होता. पऱ्ह्याची टोकं आधी पांढरी पडली होती, मग वाळून तपकिरी. नाल्याच्या तोंडाकडचा तुकडा तर चुलीजवळ ठेवल्यासारखा करपला होता. वरच्या बांधीतल्या भाजीला काही झालं नव्हतं, तिथं नाल्याचं पाणी चढत नव्हतं.

लीलाधरनं एक रोप उपटून तिच्या हातात दिलं. मूळ काळं पडलं होतं.

"तू सांग पोरी. हे थंडीनं झालं का?"

भूमिकानं रोप हातात फिरवलं. "नाही, काका."

"दादा म्हणून राहिला थंडीनं झालं. मी पोरपणापासून धान लावून राहिलो, मले थंडी शिकवते?" तो उठला. कमरेला गुंडाळलेला टॉवेल झटकला. "तंटामुक्तीत अर्ज देतो. भाऊ असन, नाही तर भाऊचा बाप असन."

मावशी मागं उभी होती. तिनं भूमिकाच्या पाठीवरून हात फिरवला.

लीलाधरनं खरंच तंटामुक्ती समितीकडं तक्रार केली. समितीचा अध्यक्ष टेकचंद. त्यानं दोघा भावांना निरोप दिला की रविवारी नाल्यावर सगळे जमा, तिथंच पाहून निकाल करू. निरोप आला त्याच दुपारपासून रिसॉर्टच्या मागच्या बाजूला बोअरची मोटर चालू झाली. पाइप तलावात नव्हता, नाल्यात होता. मोटर शनिवारपर्यंत बंद झाली नाही.

"नाल्यात गोडं पाणी कशाला सोडून राहिले?" भूमिकानं हिमांशूला विचारलं.

"साफसफाई," तो म्हणाला.

शनिवारी जेवताना जागेश्वरनं सुनेला जवळ बसवलं. आवाज एकदम मऊ. "उद्या नाल्याचं पाणी तू तपासायचं, सगळ्यांच्या समोर. लीलाधरलाही मंजूर आहे, तो म्हणाला माझी पोरगीच पाहीन तर मी मानतो. बेटा, खोटं काही सांगायचं नाही. जे येईल ते सांगायचं."

तेव्हा तिला मोटरचा अर्थ लागला. हातातला घास तिनं ताटात ठेवला. सासू शकुंतलाबाई वाढता वाढता थांबल्या, मग त्यांनी भाताचा डाव पुढं फिरवला. खोटं काही सांगायचं नाही, हे वाक्य भूमिका रात्रभर चघळत राहिली. उद्या ती जे सांगणार ते अगदी खरं असणार होतं आणि त्या खऱ्यानंच काकांचा गळा कापला जाणार होता.

रविवारी नाल्यावर गाव जमलं. टेकचंदनं दोन खुर्च्या आणवल्या होत्या, पण बसलं कोणीच नाही. भूमिका तपासणीची पेटी घेऊन आली. पेटीबरोबर तिनं दोन प्लास्टिकचे मग, पिण्याच्या पाण्याची एक बाटली आणि जुन्या पांढऱ्या धोतराचं फडकं आणलं होतं. हिमांशूनं ते पाहिलं. "हे कशाला?" तो पुटपुटला. ती पुढं गेली.

तिनं नाल्यात कोपरभर हात घातला, पाणी घेतलं, नळी भरली. पिवळा रंग झाला. चांदीचा पहिला थेंब टाकला, हलवलं. दुसरा थेंब टाकला आणि नळीतलं पाणी विटकरी झालं.

"काय झालं?" टेकचंदनं विचारलं.

"नाल्याच्या पाण्यात आज मीठ नाही. पिण्याच्या पाण्यात असते तेवढंच."

जागेश्वरनं दोन्ही हात जोडले. "बस. ऐकलं सगळ्यांनी? शिकलेली पोरगी आहे, लीलाधरच्या बायकोची भाची आहे. आता आणखी काय पाहिजे?"

लीलाधर तिच्याकडं पाहतच राहिला. तोंड थोडं उघडं होतं.

"थांबा," भूमिका म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "पाणी वाहते. आठवडाभर वाहूनच राहिलं आहे. आजचं पाणी त्या दिवसाचं सांगू शकत नाही. माती सांगते. माती वाहून गेली नाही."

"बेटा, विचारलं तेवढं..." जागेश्वर म्हणाला.

"तपासू दे सेठ," टेकचंद म्हणाला. "पोरीले येते तर पाहू."

भूमिका चपला काढून बांधीत उतरली. करपलेल्या पऱ्ह्याच्या मुळातली माती तिनं एका मगात घेतली. मग धुऱ्यावर चढून वरच्या बांधीतली, जिथं नाल्याचं पाणी चढत नव्हतं तिथली, दुसऱ्या मगात. दोन्हींत सारखंच पाणी ओतलं, घोटलं, थोडा वेळ ठेवलं. लोक जवळ सरकले. तिनं वरचं पाणी फडक्यातून गाळलं.

आधी वरच्या बांधीचं. दुसऱ्या थेंबाला विटकरी.

मग खालच्या बांधीचं. दोन थेंब, पिवळं. तीन, पिवळं. मागची माणसं मोठ्यानं मोजायला लागली, गंमत वाटावी तशी. सहा. सात. आठ. कोणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं. पिवळं. बाराव्यानंतर मोजणारे गप्प झाले आणि पुढचे थेंब नुसते पडत राहिले. मग एका थेंबाला रंग फिरला.

भूमिकानं नळी टेकचंदच्या हातात दिली. "या मातीत मीठ आहे. वरच्या मातीत नाही. जमीन तीच आहे, थंडी तीच आहे. फरक फक्त पाण्याचा. तलाव खाली केला त्या रात्रीचं पाणी आहे हे."

भूमिकाचे पाय चिखलात थंड पडले होते, पण आत कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला एखादी गोष्ट कळली की वाटायचं, तसं.

जागेश्वर चिडला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला, घातला. "लीलाधर, जरा इकडं ये."

दोघं भाऊ जागेश्वरच्या गाडीपर्यंत गेले. तिकडं काय बोलणं झालं ते इथं ऐकू येत नव्हतं. जागेश्वरचा हात लीलाधरच्या खांद्यावर गेलेला दिसला. लीलाधरनं एकदा वळून गर्दीकडं पाहिलं. गर्दीत त्याचा मुलगा धर्मेंद्र उभा होता. मग लीलाधरनं मान हलवली.

ते परत आले. लीलाधर टेकचंदकडं पाहत होता, भूमिकाकडं नाही.

"टेकचंदभाऊ, असं आहे... यंदा थंडीबी लई पडली. मागच्या सालीबी पऱ्हे पिवळे झाले होते. भावाभावाची गोष्ट आहे, घरात पाहून घेतो आम्ही. तक्रार मागं घेतो."

टेकचंदच्या हातात नळी तशीच होती. "अन् हे? ही माती?"

लीलाधरनं कमरेचा टॉवेल पुन्हा बांधला. "पोरीचा हात आहे. थेंब कमी-जास्त पडले असतीन. मशीनबी चुकते, हे तर पोरगीच आहे."

कोणीतरी हसलं. मग हसणं पसरलं, ताण सुटल्यावर पसरतं तसं. टेकचंदनं नळी झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली आणि तिला परत दिली. "चला, तंटा मिटला. चांगलं झालं. चहा कोण पाजते?"

"चला रिसॉर्टवर," जागेश्वर म्हणाला.

सगळे गेले. भूमिका नाल्याशी बसून पाय धुत राहिली. प्रेमिलामावशी धुऱ्यावर उभी होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि तीही घराकडं वळली.

घरी कोणी आवाज चढवला नाही. तेच तिला जास्त लागलं. हिमांशू कपाटाकडं तोंड करून म्हणाला, "तुझं काय गेलं असतं गं, गप्प राहिली असतीस तर?" जागेश्वरनं संध्याकाळी तिला तलावापाशी पाहिलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "शिकलेल्या माणसाला एकच गोष्ट शिकवत नाहीत, कुठं थांबायचं ते. उद्यापासून तू आराम कर."

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडं गेली. मावशी अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. भूमिका आपणच ओट्यावर टेकली.

"मावशी, काका असे काऊन बोलले?"

"मंग कसे बोलतीन?" सूप थांबलं नाही. "धर्मेंद्रले रिसॉर्टात मॅनेजर ठेवतो म्हणाले भाऊजी. पक्का. किती साल झाले बी.ए. होऊन, गोंदियाचे चक्कर मारून राहिला तो."

"म्हणून मी खोटी?"

"तुले खोटं कोन म्हनून राहिलं?"

"सगळ्या गावासमोर म्हणाले. पोरीचा हात आहे म्हणाले. मावशी, मी तुमच्यासाठी बोलली. घरात राहायचं आहे मला त्यांच्या, तरी बोलली."

आता सूप थांबलं. मावशीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भूमिकाला तो असता तर बरं वाटलं असतं.

"तुले कोनं सांगितलं होतं बोलाले? पानी कुठून आलं हे आमाले मालूम नव्हतं का? ते पाहाले थेंब लागते? तुह्या काकानं तक्रार कायले केली होती, तुले काय वाटलं? पऱ्हे हिरवे होतीन म्हनून?" तिनं तोंडावर उडालेला भुसा पुसला. "भाऊजी आपल्या मनानं पोराले कधीच ठेवत नव्हते. जरा दाबलं का देतीन, एवढीच गोष्ट होती. तू नाल्याचं पानी पाहून चूप बसली असतीस, ह्यायनं थोडी कुरकुर केली असती, अन् हेच झालं असतं. हसून देलं असतं त्यायनं. आता चार लोकात त्यायले मान खाली घालाले लावली तू. ते भाऊजी विसरतीन का? उद्या माह्या पोरावर काढतीन."

"मला आधी सांगायचं होतं."

"असं सांगाची गोष्ट असते का? समजाची असते." मावशी पुन्हा पाखडायला लागली. "एवढी शिकली तू. माह्या डोळ्यासमोर राहीन म्हनून आनली होती तुले."

भूमिका उठली. अंगणाच्या फाटकापर्यंत गेल्यावर तिला वाटलं मावशी हाक मारेल. सुपाचा आवाज तेवढा येत राहिला.

पुढच्या आठवड्यात धर्मेंद्र कामावर आला. नवा शर्ट, गळ्यात रिसॉर्टचं ओळखपत्र. तलावाचं काम आता त्याच्याकडं होतं. लग्नाआधी तो भूमिकाला ताई म्हणायचा. लग्नानंतर चारचौघांत वहिनी आणि एकटा असला की ताई. त्या दिवशी पंपघरात तो एकटाच होता, तरी म्हणाला, "वहिनी, हे थेंबाचं कसं करायचं ते सांगून द्या ना."

नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तलावात पोरंही उतरतात. तिनं त्याला सगळं दाखवलं. पाणी खालून घ्यायचं. नळी आधी त्याच पाण्यानं विसळायची. थेंब टाकताना बाटली उभी धरायची, तिरपी नाही. दर थेंबाला हलवायचं. थंडीत यंत्राच्या दिव्यावर भरवसा नाही ठेवायचा. धर्मेंद्र लक्ष देऊन ऐकत होता, मधेमधे मोबाइलवर फोटो काढत होता.

"अन् आकडा आला की?" त्यानं विचारलं.

"आकडा आला की काय? तलावाकाठच्या फळ्यावर लिही. पाहुणे पाहतात."

धर्मेंद्र चुळबुळला. "मोठे बाबूजी म्हणून राहिले, आधी त्यायले सांगायचं. मग ते सांगतीन ते फळ्यावर लिहायचं."

भूमिकानं बाटल्या पेटीत ठेवल्या. झाकण लावलं. "मग एवढं शिकायची काय गरज होती तुला?"

"नोकरी आहे ना, वहिनी," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. तिला त्याची कीव आली, आणि त्या किवेचाही तिला राग आला.

त्याच सुमारास आईचा गोरेगावहून फोन आला. मावशीनं सगळं तिच्या कानावर घातलं होतं, आपल्या पद्धतीनं. "नणंद नाही, जाऊ नाही, भरलं घर दिलं तुला," आई म्हणाली. "सासऱ्याला गावात उघडं पाडतात का गं? बाबांना रस्त्यात लोक विचारतात." भूमिकानं मातीचं सांगायला सुरुवात केली. आई म्हणाली, "माती-बिती राहू दे." मग तिनं फोन ठेवला.

लीलाधरनं रोवणीला पऱ्हे दुसरीकडून आणले. नाल्याच्या तोंडाची बांधी त्यानं रोवलीच नाही. लोक विचारायचे तर म्हणायचा, जमिनीलेबी आराम लागते.

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली. गोरेगावच्या कॉलेजात तासिकेची जागा निघाली होती. भूमिकानं घरात विचारलं नाही, सांगितलं. जागेश्वर पेपर वाचत होता, त्यानं पान उलटलं. हिमांशू म्हणाला, "जशी तुझी मर्जी." कोणी अडवलं नाही. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा शकुंतलाबाईंनी ताट झाकून ठेवलेलं असायचं, आणि बाकी सगळ्यांची जेवणं झालेली असायची. वर्गात पोरं चांगली होती. ती शिकवायची, प्रॅक्टिकल घ्यायची, पण पूर्वीसारखी प्रश्नांची वाट पाहत नव्हती. एका पोरीनं एकदा विचारलं, मॅडम, उत्तर बरोबर आलं आणि सर नाही म्हणाले तर? भूमिका म्हणाली, पुढचं लिहून घ्या.

एका सकाळी ती बससाठी रोडवर उभी होती. धर्मेंद्र मोटरसायकलवर आला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदाच थांबला.

"ताई, स्टँडपर्यंत सोडून देतो."

ती मागं बसली. रिसॉर्टची भिंत संपली, नाल्यावरचा पूल आला. खालच्या बाजूला ट्रॅक्टर मुरूम टाकत होता. लीलाधरची ती बांधी अर्धी लाल झाली होती.

"हे काय चाललंय?"

"पार्किंग," धर्मेंद्र समोर पाहत म्हणाला. "मागं जागा पुरत नव्हती. बाबांनी ती बांधी मोठ्या बाबूजीले देली. म्हणाले, तसंही तिथं आता काही होत नाही."

"देली म्हणजे?"

"देली म्हणजे देली." त्यानं गिअर बदलला. मग तो म्हणाला, "मोठे बाबूजी ऑफिसात सगळ्यायले सांगून राहिले होते, जमीन खारी आहे हे आपल्या सुनेनंच तपासून देलं म्हणून."

स्टँडवर उतरल्यावर भूमिकानं बॅग खांद्यावर नीट केली. धर्मेंद्र गाडी चालू ठेवून उभा होता, तिनं काही म्हणावं म्हणून असेल. गोरेगावची एस.टी. लागलेली होती. ती चढली. बसायला जागा नव्हती. दांडी धरून ती मधेच उभी राहिली, आणि कंडक्टरनं विचारलं तेव्हा गावाचं नाव सांगून तिनं सुटे पैसे एकेक करून मोजून दिले.